टाकी भरून वाहते की तोटी गळते?

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपण सहज म्हणून जातो. वयस्कर पुरुषाचे धोतर किंवा पायजमा ओला होऊ लागला की घरातली माणसे याच म्हणीने स्वतःची समजूत घालतात. लहान मूल अंथरूण ओले करते, तसे आजोबाही करू लागले. वयच झाले, त्याला कोण काय करणार? या समजुतीत माया असते, पण विज्ञान नसते. बाळाला मूत्राशयावरचा ताबा अजून यायचा असतो. म्हाताऱ्या माणसाचा आलेला ताबा सुटलेला असतो, आणि तो का सुटला याची कारणे माणसागणिक वेगळी असतात. त्यांतली काही अगदी किरकोळ, चार दिवसांत दूर होणारी असतात. एकदोन मात्र अशी आहेत, की 'वय झाले' म्हणून त्यांच्याकडे काणाडोळा केला तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

गुडघेदुखी, मधुमेह, रक्तदाब यांवर पारावर आणि शिक्षकांच्या खोलीत मोकळेपणाने बोलणे होते. लघवी सुटण्याविषयी मात्र माणूस सख्ख्या मुलाजवळही बोलत नाही. तो आधी एस.टी.चा लांबचा प्रवास टाळतो, मग लग्नकार्ये टाळतो, मग संध्याकाळी देवळात जाणेही सोडतो. डॉक्टरांकडे गेलाच तर खोकला दाखवून परत येतो. आपल्या निवृत्त सहकाऱ्यांपैकी कोणी अचानक घरकोंबडा झाला असेल, तर त्यामागे हे कारण असण्याची शक्यता आपल्या मनातही येत नाही. म्हणून हा विषय येथे जरा तपशिलाने मांडत आहोत. उत्सर्जनसंस्थेचा पाठ शिकवताना मूत्राशयाची पिशवी काढून आपण जेथे थांबतो, तेथूनच सुरुवात करू.

नाडी बांधलेला बटवा

मूत्रपिंडे दिवसाकाठी साधारण दीड लिटर मूत्र तयार करतात, म्हणजे मिनिटाला सुमारे एक मिलिलिटर. ते थेंबाथेंबाने मूत्राशयात साठते. मूत्राशय हा स्नायूंच्या भिंतीचा बटवा आहे असे समजा. त्याची खासियत अशी की तो भरत जातो तसा सैल होत जातो, त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही. रबरी फुग्यासारखा तो नाही. दीडदोनशे मिलिलिटर मूत्र जमले की पहिली सूचना मिळते, आणि चारपाचशेला जागेवरून उठावेच लागते.

बटव्याच्या तोंडाशी दोन नाड्या असतात. त्यांना संकोचक स्नायू म्हणतात. आतली नाडी आपल्या इच्छेने हलत नाही. बाहेरची मात्र आपण आवळून धरू शकतो. तास संपायला दहा मिनिटे असताना शिक्षक जी आवळून धरतात, ती हीच. मूत्र साठवताना भिंत सैल आणि नाड्या आवळलेल्या, सोडताना नाड्या सैल आणि भिंत आवळलेली, असा हा उलटसुलट खेळ असतो. दोन्ही गोष्टी बिनचूक एकाच वेळी घडवून आणणारे केंद्र मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूच्या वरच्या अंगाला आहे. ब्रिटिश शल्यविशारद फ्रेडरिक बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मांजरांवरील प्रयोगांतून ते दाखवून दिले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले.

या केंद्रावर मेंदूच्या पुढच्या भागाचा अंमल चालतो. 'आत्ता नको, घरी गेल्यावर' असे सांगणारा हा भाग. तान्ह्या मुलात हा अंमल अजून बसलेला नसतो, म्हणून मूत्राशय भरला की आपोआप रिकामा होतो. म्हणजे ओल्या कपड्यांमागे बिघाड भिंतीत असू शकतो, नाडीत असू शकतो, वाटेत असू शकतो किंवा हुकूम देणाऱ्या मेंदूत. बाहेरून सगळे सारखेच दिसतात.

वाटेतला अडथळा

पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाच्या पहिल्या तीनेक सेंटिमीटरला वेढून, पुरःस्थ ग्रंथी असते. बोलताना आपण प्रोस्टेटच म्हणतो. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, वजनाने वीस ग्रॅमच्या आसपास असते. वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करणे हे तिचे काम. मूत्र वाहून नेण्याशी तिचा काही संबंध नाही, पण रस्ता तिच्या पोटातून जातो. चाळिशीनंतर तिचा आतला, रस्त्यालगतचा भाग हळूहळू वाढू लागतो. पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशी ओलांडलेल्या दहांपैकी आठांत अशी वाढ सापडते. ही वाढ कर्करोग नव्हे, आणि तिचे रूपांतर कर्करोगात होत नाही. मात्र एकाच ग्रंथीत दोन्ही असू शकतात, म्हणून तपासणी हवी.

सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे म्हणजे लघवी अडण्याचे बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांत गुदमार्ग आणि मूत्राशय यांच्या मधे दगडासारखी कठीण गाठ होऊन लघवी अडते, असा एक प्रकार आहे. त्याचे नाव अष्ठीला. सुश्रुताला ही ग्रंथी आजच्या अर्थाने ठाऊक होती असे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही, पण जागा अचूक सांगितली आहे. आजही काही संस्कृतनिष्ठ पुस्तकांत प्रोस्टेटला अष्ठीला ग्रंथी म्हणतात.

वाट किंचित अरुंद झाली तर एवढे काय बिघडते, असे वाटेल. बारीक नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते, हा नियम प्वाझेय या फ्रेंच वैद्यकाने १८४० च्या सुमारास प्रयोगांनी मांडला. त्रिज्या एकपंचमांशाने कमी झाली, तर ०.८ चा चौथा घात येतो सुमारे ०.४१, म्हणजे तेवढ्याच दाबाला प्रवाह निम्म्याहूनही कमी. मूत्रमार्ग ही काही काचेची ताठ नळी नव्हे, त्यामुळे हा नियम येथे जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही थोड्याशा चोंदण्याने एवढा फरक का पडतो याची कल्पना त्यावरून येते.

मूत्राशयाची भिंत यावर जोर लावते. तालमीतल्या पैलवानाच्या दंडासारखी ती जाड होते. काही वर्षे यात निभावतात. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, मधेच तुटते, आणि उठून आल्यावर पुन्हा जावेसे वाटते. पुढे भिंत थकते. लघवी झाल्यावरही आत दोनशे, तीनशे, कधीकधी लिटरभर मूत्र शिल्लक राहू लागते. आता ही टाकी कायमच भरलेली. वरून मिनिटाला एक मिलिलिटर भर पडतच आहे. मग ती काठावरून सांडू लागते. खोकला आला, कूस बदलली, की थोडे बाहेर.

म्हणजे ज्याचे कपडे सतत ओले होतात, त्याला वास्तविक लघवी होत नसते. घरच्यांना दिसते ते 'लघवी फार होते आहे' असे, आणि खरा आजार असतो लघवी तुंबल्याचा. हे हळूहळू घडत असल्याने दुखतही नाही. ज्या पुरुषाला पूर्वी कधी त्रास नव्हता, तो साठी-सत्तरीत झोपेत अंथरूण ओले करू लागला, तर टाकी तुंबल्याची शंका पहिल्यांदा घ्यावी. तुंबलेल्या मूत्राचा दाब उलट वर मूत्रपिंडांपर्यंत पोचतो, ती फुगतात, आणि रक्तातील क्रिएटिनिन चढू लागते. 'दुसरे बालपण' म्हणून सोडून दिलेल्या तक्रारीमागे असे काही चाललेले असू शकते. पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत, लघवी झाल्यानंतर किती मूत्र उरले, हे काही मिनिटांत कळते.

कधी ही तुंबण एकाएकी आणि अत्यंत वेदनेची होते. तिला पुष्कळदा निमित्त होते ते सर्दीच्या गोळीचे. नाक मोकळे करणारे औषध मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली आतली नाडी आवळते, आणि तिच्यातच मिसळलेले शिंका थांबवणारे औषध मूत्राशयाच्या भिंतीला सुस्त करते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने अशी गोळी दुकानातून परभारे आणून घेऊ नये. लघवी पूर्ण अडली तर रात्र काढू नये. रुग्णालयात नळी घालून ती मोकळी करावी लागते.

एका खेड्याने दिलेले औषध

प्रोस्टेटवरील एका औषधाची जन्मकथा वर्गात सांगण्याजोगी आहे. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात सालिनास नावाचे खेडे आहे. तेथील काही मुले जन्मतः मुलीसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढत, आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषाची लक्षणे उमटत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली या अमेरिकन डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली याचे कारण प्रसिद्ध केले. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे अधिक प्रभावी रूपात रूपांतर करणारे एक विकर या मुलांत जन्मतः कमी होते. ही मुले मोठी झाली तरी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी मात्र इवलीशीच राहत होती.

तेव्हा ते विकर औषधाने रोखले तर वाढलेली ग्रंथी आकसेल, असा तर्क संशोधकांनी केला. त्यातून फिनास्टेराइड तयार झाले आणि १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते संथ आहे. गुण यायला सहा महिने लागतात, आणि ग्रंथी साधारण चौथ्या हिश्शाने लहान होते. त्याच्यामुळे प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी करतात त्या पी.एस.ए. या रक्तचाचणीचा आकडाही निम्म्यावर येतो, म्हणून चाचणी करताना औषध चालू असल्याचे सांगावे लागते.

दुसऱ्या गटातील औषधे, उदाहरणार्थ टॅमसुलोसिन, ग्रंथी लहान करत नाहीत. मूत्राशयाच्या तोंडाचे आणि ग्रंथीतले स्नायू ती सैल करतात, आणि गुण काही दिवसांतच दिसतो. त्यांच्यामुळे काहींना उठताना चक्कर येते. आणखी एक गोष्ट २००५ मध्ये लक्षात आली. हे औषध घेणाऱ्यांच्या डोळ्यातील परितारिका मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी लुळी पडून फडफडू लागते. प्रोस्टेट आणि मोतीबिंदू दोन्ही एकाच वयात येतात. डोळ्याच्या डॉक्टरांना लघवीच्या गोळीविषयी काय सांगायचे, असे रुग्णाला वाटते. पण सांगायलाच हवे.

औषधाने भागले नाही किंवा मूत्रपिंडांवर ताण आला, तर शस्त्रक्रिया. पोट न फाडता मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून, विजेच्या तारेने ग्रंथीचा आतला भाग तासून काढतात. या वेळी दृष्टी स्वच्छ राहावी म्हणून आत सतत द्रव सोडावा लागतो, आणि तो कोणता हा मोठा अवघड प्रश्न होता. मिठाच्या पाण्यातून वीज पसरते, तार कापत नाही. साधे शुद्ध पाणी रक्तात शिरले तर परासरणामुळे तांबड्या पेशी फुटतात. म्हणून ग्लायसिन या अमिनो आम्लाचे द्रावण वापरू लागले: वीज वाहत नाही आणि पेशीही फुटत नाहीत. तेही फार शोषले गेले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते, म्हणून ही शस्त्रक्रिया तासाभरात आटोपण्याचा दंडक पडला. आता तारेचे दोन्ही ध्रुव जवळजवळ असणारी उपकरणे आली आहेत, त्यांत मिठाचे पाणी चालते. लेसर किरणांनीही हे काम होते. शस्त्रक्रियेनंतर वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात जाणे हे बऱ्याच जणांत घडते. ते निरुपद्रवी असले तरी रुग्णाला आधी सांगितलेले बरे.

हुकूम सुटतो तेव्हा

आता वेगळ्या माणसाकडे पाहू. याची धार चांगली आहे, मूत्राशय पूर्ण रिकामा होतो. पण लघवीची कळ एकाएकी अशी येते, की संडासाचे दार उघडेपर्यंत कपडे ओले. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश यांत मेंदूच्या पुढच्या भागाचा अंमल ढिला पडतो आणि मूत्राशय आपल्या मनाने आवळतो. 'दुसरे बालपण' ही म्हण थोडीफार लागू पडते ती येथे. अर्थात मेंदूचा काही आजार नसतानाही असे होते, आणि अडथळ्याशी झुंजून चिडखोर झालेला मूत्राशयही असे वागतो. त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच माणसात आढळणे नवलाचे नाही.

याला मूत्राशय शांत करणारी औषधे देतात. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन ही जुनी. ॲसिटिलकोलिन हे रसायन मूत्राशयाला 'आवळ' असा निरोप देते; ही औषधे तो निरोप अडवतात. तेच रसायन लाळेसाठी, आतड्यांसाठी आणि स्मरणशक्तीसाठीही लागते, म्हणून तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, आणि आधीच विसराळू झालेला माणूस अधिक गोंधळतो. जपानमध्ये २०११ साली आलेले मिराबेग्रॉन वेगळ्या मार्गाने भिंत सैल करते. ते घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.

आता लेखाच्या शीर्षकातला प्रश्न का महत्त्वाचा ते ध्यानात येईल. ज्याची टाकी तुंबून सांडते आहे, त्याला 'लघवी सुटते' एवढेच ऐकून मूत्राशय शांत करणारी गोळी दिली, तर थकलेली भिंत आणखी निजते आणि उरलीसुरली धारही बंद होते. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी मागून आणणे या आजारात फार महागात पडते.

औषधाइतकाच उपयोग मूत्राशयाला पुन्हा वळण लावण्याचा होतो. दर तासाला कळ येत असेल, तर पहिल्या आठवड्यात सव्वा तास धरायचा, मग दीड, मग दोन. कळ आली की धावत सुटायचे नाही. जागीच बसून बाहेरची नाडी चारपाच वेळा आवळायची, कळ ओसरू द्यायची, मग सावकाश जायचे. चहा कमी करावा. पाणी मात्र कमी करू नये: दाट मूत्र मूत्राशयाला टोचते आणि कोठा जड होतो. ज्यांना स्मरण राहत नाही त्यांना घरच्यांनी दर दोन तासांनी नेऊन आणावे. हे कष्टाचे आहे, पण साधते.

नाडी सैल झाल्यावर

खोकताना, शिंकताना, घागर उचलताना थेंब गळणे हे पुरुषांत क्वचित आढळते. ते दिसते मुख्यतः प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर, कारण तिच्याबरोबर आतल्या नाडीचा भागही जातो. बहुतेकांना वर्षभरात पुष्कळ सुधारणा होते. बाहेरची नाडी बळकट करण्याचे व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये बाळंतिणींसाठी सांगितले. ते पुरुषांनाही चालतात. वात सरताना अडवून धरण्यासाठी जो स्नायू आपण आवळतो तोच आवळायचा, पोट आणि मांड्या सैल ठेवायच्या.

त्यानेही न भागल्यास कृत्रिम नाडी बसवता येते. ब्रँटली स्कॉट यांनी ह्यूस्टनमध्ये १९७२ साली ती पहिल्यांदा बसवली. मूत्रमार्गाभोवती द्रवाने भरलेले कडे, पोटात एक छोटा फुगा आणि अंडकोशाच्या पिशवीत एक दाबकळ, असे तिचे तीन भाग. कळ दाबली की कड्यातला द्रव फुग्यात जातो, वाट उघडते; दोनतीन मिनिटांत द्रव आपोआप परत येऊन कडे आवळते. ती महाग आहे आणि कालांतराने बिघडूही शकते.

मूत्राशयाचा दोष नसतानाही

मधुमेह ताब्यात नसेल तर साखरेबरोबर पाणी ओढले जाऊन मूत्रच फार तयार होते. दिवसभर पायांवर सूज धरणाऱ्या माणसाने रात्री पाठ टेकली, की ते पाणी रक्तात परतते आणि रात्री चारपाच वेळा उठवते. अशांनी दुपारी तासदोन तास पाय उंचावर ठेवून पडावे. रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी कोणत्या वेळी घ्यायची तेही डॉक्टरांना विचारावे. जंतुसंसर्ग झाला, मळाचा खडा साचून मूत्राशयावर दाबला, तरी लघवी सुटते, आणि कारण गेले की थांबते. लघवी उरकून बाहेर आल्यावर दोन थेंब सांडणे हे तर मूत्रमार्गाच्या बाकात उरलेले पाणी असते. अंडकोशामागून बोटांनी पुढे निपटून काढले की झाले.

कित्येकदा दोष घराचा असतो. संडास परसाच्या टोकाला, वाटेत दिवा नाही, गुडघे दुखत असल्याने उकिडवे बसता येत नाही, आणि पायजम्याच्या नाडीची गाठ थरथरत्या हातांना सुटत नाही. येथे खाटेजवळ ठेवलेले भांडे, भिंतीला धरायला एक दांडा आणि नाडीऐवजी इलॅस्टिक हे कोणत्याही गोळीपेक्षा लवकर गुण देतात.

कायमची नळी घालून ठेवणे हा सोपा वाटणारा उपाय आम्हाला शेवटचा वाटतो, कारण तिच्यावाटे जंतू हमखास शिरतात. ज्यांचा मूत्राशय रिकामा होतच नाही, त्यांना दिवसातून चारपाच वेळा स्वतः नळी घालून काढून घेता येते. त्यासाठी शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकता लागत नाही, हात आणि नळी स्वच्छ असणे पुरते, हे अमेरिकेतील जॅक लापिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवले. तेव्हा अनेकांना ते पटले नव्हते.

लघवीत रक्त दिसले, ताप आणि थंडी वाजून आली, किंवा लघवी सुटण्याबरोबर पायांतली शक्ती गेली, बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शेवटच्या लक्षणात मज्जारज्जू किंवा त्यातून निघणाऱ्या नसा दबलेल्या असू शकतात.

एरवी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवस एक वही ठेवावी. मापाचे एक प्लॅस्टिकचे भांडे घ्यावे, आणि किती वाजता, किती मिलिलिटर लघवी झाली, कपडे केव्हा ओले झाले, काय प्यायले, हे लिहावे. आजोबांना दिसत नसेल तर नातू लिहील. नंतर बेरीज करावी. रात्रीची आणि सकाळी उठल्यावरची पहिली मिळून लघवी चोवीस तासांच्या एकतृतीयांशाहून अधिक भरली, तर मूत्र रात्री फार तयार होते आहे, मूत्राशयाला दोष देण्याचे कारण नाही. दर खेपेला पन्नाससाठ मिलिलिटरच होत असेल, तर मूत्राशय चिडखोर तरी आहे किंवा तुंबलेला तरी; यांतले कोणते ते सोनोग्राफी सांगेल. ही वही आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, सर्दीच्या गोळीसकट, पिशवीत घालून बरोबर न्यावीत.